सुरतेची वखार आणि मद्याची पारख

सतराव्या शतकात इंग्रजी बिअर हिंदुस्थानात उतरली ती सुरतेत. ऑगस्ट १६०८ मध्ये विल्यम हॉकिन्सचे 'हेक्टर' जहाज तापीच्या मुखाशी येऊन थांबले. १६१२ च्या अखेरीस थॉमस बेस्टने सुवाळीच्या किनाऱ्यासमोर पोर्तुगीज आरमाराशी झुंज दिली आणि त्यानंतर ईस्ट इंडिया कंपनीची वखार सुरतेत उभी राहिली. कंपनीच्या जहाजांवर खलाशांच्या शिध्यात बिअरची पिंपे असत. पिण्याचे पाणी पिंपात काही आठवड्यांत सडते, बिअर त्याहून जास्त टिकते, एवढाच त्यामागचा हिशेब होता. सुवाळीला नांगर पडेपर्यंत त्या पिंपांत फारसे काही उरत नसे. जे उरे ते सुरतेत पोचल्यावर महाग होई.

ती बिअर कशी होती हे त्या काळच्या माल्टवरून समजते. जव भिजवून मोड आणायचे आणि मोड आलेले जव भट्टीच्या आचेवर वाळवायचे, म्हणजे माल्ट तयार होतो. इंग्लंडमध्ये ही आच बहुतेक ठिकाणी लाकडाची किंवा पेंढ्याची असे. ती हवी तशी कमीजास्त करता येत नसे, त्यामुळे माल्ट कमीअधिक करपे, तपकिरी होई आणि त्याला धुराचा वास लागे. दगडी कोळशाच्या कोकवर फिकट माल्ट वाळवण्याची रीत सतराव्या शतकाच्या मध्यानंतर हळूहळू पसरली. तोवर सामान्य इंग्रज माणसाच्या पेल्यातले पेय गडदच असे. आज ज्याला ब्राउन एल म्हणतात त्याचे हे पूर्वज होत. त्या नावाने बाटलीबंद पेय विकण्याची सुरुवात मात्र बरीच अलीकडची आहे. लंडनची मॅन्स ब्राउन एल १९०२ ची आणि न्यूकॅसल ब्राउन एल १९२७ ची.

आजचा परीक्षक ब्राउन एल पारखतो त्याला एक क्रम आहे. आधी रंग पाहायचा. तो तांबूस तपकिरीपासून गडद तपकिरीपर्यंत चालतो, पण काळा चालत नाही, कारण काळा रंग आला की ते पोर्टर या काळपट बिअरच्या घरात गेले. मग वास घ्यायचा. भाजलेल्या पावाचा, साखरेच्या पाकाचा, अक्रोड-बदामासारख्या सुक्या मेव्याचा वास यावा आणि करपट वास येऊ नये. मग घोट. माल्टचा गोडवा पुढे असावा, हॉप्सचा कडवटपणा त्याला आवर घालण्यापुरताच असावा आणि घोट गिळल्यावर जिभेवर चिकटपणा राहू नये. ब्रिटिश ब्राउन एलसाठी स्पर्धांमध्ये ठरवून दिलेले अल्कोहोलचे प्रमाण सुमारे ४.२ ते ५.९ टक्के आहे. पेय फार गार असू नये, कारण थंडीने माल्टचा वास दबतो. दोष ओळखण्याच्याही ठरलेल्या खुणा आहेत. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर पेयाला हवा लागली आहे, दह्यासारखा आंबटपणा आला तर त्यात जिवाणू शिरले आहेत.

या कसोटीवर सुरतेत उघडलेली पिंपे बहुधा उतरली नसती. लंडनहून वसंतापूर्वी निघालेले जहाज विषुववृत्त दोनदा ओलांडून पावसाळा सरता सरता सुवाळीला लागे. सहा-सात महिने लाकडी पिंपात, जहाजाच्या तळातल्या उकाड्यात आणि अखंड हिंदकळत राहिलेल्या पेयात पुठ्ठाही येणार आणि दहीही येणार. त्यात जे काही टिके ते हॉप्समुळे. हॉप्सच्या फुलातील राळ जिवाणूंना रोखते. हॉप्स नसलेली जुन्या पद्धतीची एल इतक्या लांब आणणे व्यर्थच होते. सुरतेत बिअर बनवावी म्हटले तर जव मिळत होते, पण हॉप्स मिळत नव्हते, आणि थंड तळघर तर नव्हतेच. एलचे यीस्ट पंधरा ते वीस अंशांवर नीट काम करते. तापीकाठी तेवढा गारवा हिवाळ्यातल्या काही रात्रींपुरताच असतो.

हा प्रश्न प्रत्यक्ष बादशहाने विचारला होता. इंग्लंडचा राजदूत सर टॉमस रो सप्टेंबर १६१५ मध्ये सुरतेला उतरला आणि तिथून अजमेरला जहांगिराच्या दरबारी गेला. त्याच्या रोजनिशीत १६१६ सालच्या एका भेटीची नोंद आहे. दिवसातून किती वेळा पितोस, काय पितोस, इंग्लंडात काय पितात, बिअर म्हणजे काय, ती कशी करतात आणि इथे करता येईल का, अशी प्रश्नांची सरबत्ती बादशहाने त्याच्यावर केली. विचारणारा साधा हौशी नव्हता. अठराव्या वर्षापासून आपण पीत आलो, पुढे दोनदा गाळलेल्या अर्काचे वीस पेले रोजचे झाले आणि मग ते कमी करावे लागले, हे जहांगिराने स्वतःच्या आत्मवृत्तात लिहून ठेवले आहे. बादशहाच्या वाढदिवशी रोला जो पेला मिळाला त्यात द्राक्षाची आणि गाळीव अशी दोन्ही मद्ये मिसळलेली होती. पहिल्या घोटालाच राजदूताला शिंका आल्या आणि बादशहा हसला. दरबारी मद्यपरीक्षेची याहून नेमकी नोंद मोगल काळात सहज सापडणार नाही.

परदेशी पेयाची ओढ किती खोल होती हे टॉम कोरियटच्या मरणावरून दिसते. इंग्लंडहून निघून बराचसा रस्ता पायी तुडवत हिंदुस्थानात आलेला हा प्रवासी १६१७ च्या डिसेंबरात सुरतेला पोचला. त्याला अतिसार झाला होता. वखारीतल्या मंडळींनी मायदेशाहून आलेली सॅक, म्हणजे स्पेनकडची द्राक्षमद्याची जात, त्याच्यापुढे ठेवली. ती इथे आहे हे ऐकूनच तो हरखला. एरवी तो फार पिणारा नव्हता आणि त्या वेळीही त्याने बेतानेच घेतली. पण दुखणे बळावले आणि तो सुरतेतच वारला. रोचा धर्मोपदेशक एडवर्ड टेरी याने ही हकिकत लिहून ठेवली आहे.

टेरीची खरी कामगिरी वेगळी. वखारीच्या टेबलापलीकडे, देशी पेयांकडेही त्याने लक्ष दिले. साखर आणि एका झाडाची तिखट साल यांपासून गाळलेल्या अरकाचे वर्णन त्याने केले आणि बेताने घेतल्यास ते प्रकृतीला बरे असा शेराही मारला. ताडीबद्दल त्याने जे टिपले ते आजही जसेच्या तसे खरे आहे: सूर्योदयापूर्वी काढून लगेच प्यालेली ताडी मधुर लागते आणि ऊन लागल्यावर तीच डोक्यात जाते. आंबण्यामागे यीस्ट आणि जिवाणू असतात हे जगाला ठाऊक नव्हते तेव्हाचे हे निरीक्षण आहे.

वखारीत पिण्याचे शिष्टाचार लवकरच ठरून गेले. जर्मन प्रवासी मांडेल्स्लो १६३८ मध्ये सुरतेला आला तेव्हा विल्यम मेथवोल्ड हा वखारीचा प्रेसिडेंट होता. सगळे एका टेबलावर जेवत, ठरल्या वेळी प्रार्थना होई, आणि रोजच्या बैठकीत चहा असे. शुक्रवारी प्रार्थनेनंतर विवाहित मंडळी जमत आणि इंग्लंडात राहिलेल्या बायकांच्या आरोग्यासाठी पेला उचलत. ज्याला जे हवे ते घ्यायची मुभा होती: सॅक किंवा अरक, गुलाबपाणी, लिंबाचा रस आणि साखर यांचे मिश्रण. काहींना बायकोची आठवण जरा जास्तच येत असे, आणि घरी जाताना त्यांचा तोल राहत नसे, असे पाहुण्याने मिश्कीलपणे नोंदवले आहे. या मिश्रणालाच पंच म्हणतात. कंपनीच्या कारकुनांच्या पत्रांत १६३२ पासून त्याचा उल्लेख मिळतो. पाच जिनसांवरून 'पंच' ही व्युत्पत्ती १६७० च्या दशकात सुरतेत राहिलेला डॉक्टर जॉन फ्रायर सांगतो.

पंच हा सुरतेच्या हवेशी इंग्रजांनी केलेला समझोता होता. अरक इथलाच आणि स्वस्त, लिंबू-साखर बाजारात मुबलक, आणि पाण्याने तीव्रता खाली आणली की संध्याकाळभर पीत बसता येई. फ्रेंच प्रवासी बर्नियेने मात्र याच पेयाला कंपन्यांच्या माणसांचा काळ ठरवले. डॉक्टरकी केलेल्या माणसाचे मत म्हणून ते गंभीरपणे घ्यायला हवे. सुरतेच्या इंग्रज आणि डच कबरस्तानांतील भव्य घुमट पाहताना तिथले बहुतेक जण तरुणपणीच गेले हे विसरता येत नाही. हगवण, ताप आणि अरक यांत कोणाचा वाटा किती, हे आता वेगळे काढता येणार नाही.

जॉन ओव्हिंग्टन १६८९ मध्ये इंग्लंडहून सुरतेला यायला निघाला. त्याचे प्रवासवर्णन १६९६ मध्ये लंडनला छापले गेले. वखारीच्या जेवणाचे सर्वांत तपशीलवार चित्र त्याच्याकडे आहे. रोजच्या टेबलावर शिराझची द्राक्षमदिरा आणि अरकाचा पंच असे. शिराझची मदिरा इराणी आखातातून बंदर अब्बासमार्गे येई. अरकांतही प्रती होत्या. गोव्याचा ताडीचा अरक एक आणि त्याहून कडक असा बंगालचा दुसरा. युरोपातली मद्ये आणि इंग्लिश बिअर मात्र सर्वांत हवीहवीशी होती, भारी किंमत मोजूनही लोक ती आनंदाने घेत. कारण ओव्हिंग्टन स्वतःच देतो: जिभेची तिच्याशी जुनी ओळख होती. ती उत्तम आहे असे तो म्हणत नाही. सुरतेतील मद्यपरीक्षेविषयी यापेक्षा प्रामाणिक वाक्य दुसऱ्या कुणी लिहिलेले नाही. पिंपातली बिअर आंबट असो, शिळी असो, तिची किंमत ठरत होती ती पिणाऱ्याच्या गावावरून.

याच ग्रंथात एका रंगेल डच कमांडरच्या कबरीचाही उल्लेख आहे. तिच्यावर पंचची तीन मोठी पात्रे बसवलेली होती आणि हयात मित्र तिथे जमून त्याची आठवण काढता काढता स्वतःचे भान विसरत असत. १६८७ मध्ये कंपनीचे पश्चिम किनाऱ्यावरचे मुख्य ठाणे मुंबईला गेले. शिवाजी महाराजांच्या १६६४ आणि १६७० च्या स्वाऱ्यांनी हादरलेली सुरत त्यानंतर व्यापारात मागे पडत गेली. अठराव्या शतकात इंग्लंडची पोर्टर आणि फिकट एल हिंदुस्थानात येऊ लागली तेव्हा तिची मोठी गिऱ्हाइके मुंबई, मद्रास आणि कलकत्त्याला होती. एलच्या इतिहासात सुरतेचे नाव इथे थांबते.

मद्याच्या इतिहासात ते थांबत नाही. वखारीच्या भिंतीबाहेर जे पेय पीत त्याची पारख वेगळ्या नियमांनी चाले. किनाऱ्याला ताड, आतल्या भागात खजुरी, म्हणजे मराठी मुलखातली शिंदी, आणि पूर्वेच्या डोंगराळ पट्ट्यात मोह. या तीन झाडांवर दक्षिण गुजरातचे पिणे उभे होते. ताड-शिंदीचा रस मडक्यात पडल्यापासूनच आंबायला लागतो. सकाळी नीरा, दुपारपर्यंत ताडी, संध्याकाळी आंबट आणि दुसऱ्या दिवशी शिरका. इथे पेयाचे वय तासांत मोजले जाते आणि ताडीचा जाणकार म्हणजे कुठल्या तासाला कुठले मडके प्यावे हे कळणारा माणूस. मुरलेल्या ताडीची ताकद साधारण चार ते सहा टक्के, म्हणजे जवळजवळ ब्राउन एलइतकीच. दोन्ही पेये आंबवलेली, न गाळलेली, पोट भरणारी, कष्टकऱ्याची. तरीही एकाला वखारीच्या टेबलावर मान मिळाला आणि दुसऱ्याला कधीच मिळाला नाही.

मोहाची गोष्ट निराळी. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे जमिनीवर पडलेली फुले गोळा करून वाळवतात. वाळलेल्या फुलात निम्म्याहून अधिक साखर असते. ती पाण्यात घालून आंबवतात आणि मातीच्या भांड्यातून गाळतात. तिची पारख धारेवर होते. भट्टीतून आधी येणारी कडक आणि नंतरनंतरची पातळ. 'पहिल्या धारेची' हा मराठीत रूढ झालेला शब्दप्रयोग याच भट्टीतून आलेला आहे. चौधरी, गामीत, ढोडिया, कोकणा या आदिवासी समाजांत जन्म, लग्न, मरण आणि देवाची पूजा यांपैकी काहीच मोहाच्या किंवा ताडीच्या थेंबाशिवाय होत नसे.

इंग्रजी राज्याला या सगळ्यात महसूल दिसला. ताडी-दारूचे मक्ते सुरत जिल्ह्यात बहुतांशी पारशांकडे होते. दारूवाला, ताडीवाला, पीठावाला ही आडनावे त्या धंद्याची साक्ष देतात. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने घरगुती भट्टी गुन्हा ठरली. रस काढायच्या प्रत्येक झाडावर कर बसला, गाळण्याचे काम सरकारी देखरेखीखालच्या मोठ्या भट्ट्यांत गेले आणि विक्री परवान्याच्या दुकानांतच होऊ लागली. आदिवासी दुकानात उधारीवर पिऊ लागला, उधारी कर्ज झाली, आणि कर्जापायी अनेकांची जमीन दारूवाल्याच्या नावावर गेली. शतकाच्या अखेरीस दक्षिण गुजरातच्या आदिवासी भागात दारूचा दुकानदार, सावकार आणि जमीनदार हा पुष्कळदा एकच माणूस होता.

अबकारी खात्याने पारखण्याची रीतच बदलली. जीभ आणि नाक बाजूला पडले, त्यांच्या जागी काचेचा किंवा पितळेचा हायड्रोमीटर आला. जुन्या काळी मद्याचा कस पाहायला बंदुकीची दारू त्यात भिजवून पेटवत. पेटली तर मद्य 'प्रूफ'. एकोणिसाव्या शतकात साइक्सच्या हायड्रोमीटरने हाच प्रूफ अंशांत मोजता येऊ लागला. ब्रिटिश प्रूफ म्हणजे सुमारे ५७ टक्के अल्कोहोल. मुंबई इलाख्यात देशी दारू मुख्यतः प्रूफखाली २५ अंश आणि प्रूफखाली ६० अंश अशा दोन ताकदींची मिळे. म्हणजे साधारण ४३ टक्के आणि २३ टक्के. कर अंशावर होता, त्यामुळे पाहिला जाई तो अंश. फुले जुनी होती की ताजी, भट्टीला धूर लागला होता का, धार कोणती होती, या गोष्टींना सरकारी नोंदवहीत रकानाच नव्हता. गावभट्टीतला कारागीर गुन्हेगार झाला आणि त्याच्याबरोबर त्याची पारखही गेली. अबकारी धोरणाने दारू कमी झाली की वाढली यावर वाद घालता येईल. तिची चव खालावली, याबद्दल घालता येणार नाही.

या व्यवस्थेला धक्का बसला तो एका देवीकडून. १९२२ च्या सुरुवातीला तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या पालघरच्या किनाऱ्यावर कोळ्यांच्या वस्त्यांत देवी अंगात येऊ लागली. तिला सलाबाई म्हणत. ही लाट डोंगराळ मुलखातून उत्तरेकडे सरकत गेली आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात सुरत जिल्ह्याच्या पूर्व भागात पोचली. ९ नोव्हेंबर १९२२ रोजी खानपूर गावाजवळ सुमारे दोन हजार आदिवासी जमले. देवीच्या आज्ञा साध्या होत्या: दारू-ताडी सोडा, मांस-मासे सोडा, अंघोळ करा, स्वच्छ राहा, पारशांकडे कामाला जाऊ नका. शेवटच्या आज्ञेत सगळे अर्थकारण आले. दुकाने ओस पडली, ताडीची झाडे छेदायला माणसे मिळेनात. पुढे या लाटेत गांधींचे नाव आणि चरखा येऊन मिळाले. इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी १९८७ मध्ये यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. शहरी सुधारकांच्या व्याख्यानांनी हे घडले असा समज असेल तर तो टिकत नाही. नकार आतून आला होता आणि तो पेयाइतकाच दुकानदारालाही होता.

काँग्रेसच्या दारूबंदीला ही जमीन आयती मिळाली. मुंबई प्रांतात १९३८-३९ मध्ये अहमदाबाद आणि मुंबई शहरात बंदीचे प्रयोग झाले. स्वातंत्र्यानंतर मुंबई दारूबंदी अधिनियम १९४९ आला आणि १९५० मध्ये सुरतेसह संपूर्ण राज्यात बंदी लागू झाली. तिचे खंदे पुरस्कर्ते आणि तेव्हाचे गृहमंत्री मोरारजी देसाई हे वलसाडजवळच्या भदेलीचे, म्हणजे त्या वेळच्या सुरत जिल्ह्यातलेच. एफ. एन. बलसारा यांनी कायद्याला आव्हान दिले. १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने औषधे आणि प्रसाधनांतील मद्यार्काविषयीची कलमे रद्द केली, पण पिण्याच्या मद्यावरची बंदी कायम ठेवली.

१ मे १९६० ला राज्याचे दोन तुकडे झाले आणि कायदा दोन्हीकडे वारशाने गेला. महाराष्ट्राने साठच्या दशकापासून तो सैल करत नेला. गुजरातने तो आवळून धरला. २०२३ च्या डिसेंबरात गांधीनगरजवळच्या गिफ्ट सिटीपुरती सवलत दिली गेली, सुरतेला ती लागू नाही. सुरतेच्या रसिकाला परवान्याशिवाय कायदेशीर पेला हवा असेल तर दक्षिणेला दमणची वाट धरावी लागते. १९६१ पर्यंत पोर्तुगीज असलेले हे गाव गुजरात राज्यात नसल्याने तिथे बंदी नाही. शहरात उघडपणे मिळते ती हिवाळ्यातल्या सकाळची नीरा. मडक्याला आतून चुना लावून रस आंबू न देण्याची जुनी युक्ती इथे कायद्याच्या कामी आली आहे.

ताजी, स्थानिक भट्टीत बनवलेली ब्राउन एल चाखायची तर मुंबई किंवा पुणे गाठावे लागते. पुण्यात २००९ मध्ये डूलालीने महाराष्ट्रातील पहिली मायक्रोब्रुअरी सुरू केली, आणि त्यानंतर मुंबई-पुण्यात अशा भट्ट्यांची संख्या वाढत गेली. तिथे यीस्टला अठरा अंश लागतात तर अठरा अंशच मिळतात, माल्ट आणि हॉप्स परदेशातूनही येतात, आणि पिंप सात महिने हिंदकळत नाही. म्हणून ओल्या पुठ्ठ्याचा वास, दह्याचा आंबटपणा हे दोष तिथे दोष म्हणूनच मोजता येतात. सुरतेच्या वखारीत ते गृहीतच धरावे लागत. या भट्ट्यांना परवाना मिळतो तो महाराष्ट्र दारूबंदी अधिनियमाखाली. सुरतेत बिअरच्या एका बाटलीसाठी खटला भरला जातो तो गुजरात दारूबंदी अधिनियमाखाली. दोन्ही १९४९ चा एकच कायदा आहे.